समलिंगी सैनिकाला उघडपणे सेवा करता यावी का?

सिग्नलवाला (इंदूर)

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयात ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर चर्चा झाली. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध त्या निकालाने दंड संहितेच्या कलम ३७७ मधून ("निसर्गाच्या विरुद्ध" संबंधांच्या गुन्ह्यातून) वगळले, हे बहुतेकांना पटलेले होते. चर्चा संपताना एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "बाहेर काय करायचे ते करा, पण फौजेत हे नको." मी सैन्यातला असल्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी गप्प राहिलो. ते गप्प राहणे मला तेव्हापासून बोचते आहे, म्हणून हा धागा काढतो आहे.

मी सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागात, २६ वर्षे नोकरी केली. महूला दोनदा शिकायला आणि एकदा शिकवायला होतो, आणि निवृत्तीनंतर इंदुरात घर केले ते महू जवळ आहे म्हणूनच. मला जे म्हणायचे आहे ते मी अनुभवातून म्हणतो आहे.

नव्वदच्या दशकात मी एका युनिटमध्ये अ‍ॅडज्युटंट होतो. म्हणजे कमांडिंग ऑफिसरचे कार्यालयीन काम पाहणारा अधिकारी. युनिटचे नाव आणि ठिकाण सांगत नाही. तिथे एक तरुण कॅप्टन होता. तुटलेली रेडिओ लिंक तो ज्या शांतपणे उभी करी, तसे काम मी पुढच्या सगळ्या नोकरीत फार थोड्या जणांकडून पाहिले. त्याने आपल्या मित्राला लिहिलेले एक पत्र कार्यालयातल्या एका मुलकी कारकुनाच्या हाती लागले. त्या पत्रात प्रेमाखेरीज काहीही नव्हते. पण पुढचे चार महिने तो कारकून कॅप्टनकडून पैसे घेत राहिला, आणि पैसे थांबले तेव्हा पत्र वरिष्ठांच्या टेबलावर आले. चौकशी अर्ध्या तासात आटोपली. कोर्ट मार्शलची बदनामी नको असेल तर राजीनामा दे, असे त्याला सांगण्यात आले. "घरगुती कारणास्तव" हे शब्द असलेला तो अर्ज मी स्वतः तपासला आणि माझ्या सहीच्या पत्रासोबत वर पाठवला. कारण खोटे आहे हे मला माहीत होते. मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होते. निघताना त्याने मला सॅल्यूट केला, आणि मी त्याला एक शब्दही बोलू शकलो नाही.

समलिंगी अधिकारी हा सुरक्षेला धोका असतो, कारण त्याला कोणीही धमकावून गुपिते काढून घेऊ शकतो, असा युक्तिवाद मी नोकरीत अनेकदा ऐकला. त्या कॅप्टनला धमकावता आले ते त्याला लपवावे लागत होते म्हणून. पत्र उघड झाल्याने त्याची नोकरी जाणारच नसती, तर त्या कारकुनाच्या हातात विकण्यासारखे काय उरले असते? धोका त्याच्या स्वभावातून आला नव्हता, आम्ही घातलेल्या अटीतून आला होता. शिवाय आम्ही कॅडेटला पहिल्या दिवसापासून सांगतो की चूक झाली तर कबूल कर, पण खोटे बोलू नकोस. मग एका गोष्टीबाबत मात्र त्याने रोज, सुट्टीवरून परतल्यावर, मेसमध्ये, बढतीच्या मुलाखतीत, लग्नाचा विषय निघाला की खोटेच बोलावे, असे आपण का ठरवतो?

सैन्याची आजवरची अधिकृत भूमिका लपलेली नाही. जानेवारी २०१९ च्या वार्षिक पत्रकार परिषदेत तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी सांगितले होते की लष्कर देशाच्या कायद्यापेक्षा वर नाही, पण ते परंपरा जपणारे आहे, हे लष्करात स्वीकारले जाणार नाही आणि अशी प्रकरणे आर्मी अ‍ॅक्टखाली हाताळली जातील. जनरलसाहेबांविषयी मला पूर्ण आदर आहे. या एका मुद्द्यावर मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही.

सागर_ते_महू

कर्नलसाहेब, जय हिंद. मी महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. सागरच्या सेंटरमध्ये रंगरूट होतो, आता महूत राहतो. आपण जे लिहिले ते मनापासून लिहिले आहे हे कळते. त्या कॅप्टनसाहेबांवर अन्याय झाला हे मलाही मान्य आहे.

परंतु आपण अधिकाऱ्याच्या खोलीतून लिहिता आहात आणि मी बॅरेकमधून लिहितो आहे. अधिकाऱ्याला स्वतंत्र खोली असते. जवान तीस-चाळीस जणांच्या बॅरेकमध्ये खाटेला खाट लावून झोपतो, उघड्यावर आंघोळ करतो. उंचावरच्या पोस्टवर तर सहा-सात माणसे एका फायबरच्या हटमध्ये तीन-तीन महिने राहतात, आणि थंडीत एकमेकांना चिकटून झोपल्याशिवाय रात्र निघत नाही. तिथे एकाच्याही मनात दुसऱ्याविषयी शंका आली तर पूर्ण पोस्ट विस्कटते. आमची मुले लहान गावांतून येतात. त्यांच्या आई-वडिलांनी हा शब्दसुद्धा ऐकलेला नसतो. दरबारात, म्हणजे युनिटच्या सभेत, उभा राहून एखादा जवान सीओसाहेबांना (कमांडिंग ऑफिसरना) म्हणाला की मला याच्या शेजारची खाट नको, तर सीओसाहेब काय हुकूम देतील? मला याचे उत्तर हवे आहे. न्यायालयाच्या निकालात ते सापडत नाही.

न्यायप्रिय (इंदूर)

मी इंदूर खंडपीठात वकिली करते. सुभेदारसाहेबांच्या प्रश्नाकडे येण्यापूर्वी कायदा नेमका काय म्हणतो ते सांगणे गरजेचे वाटते, कारण चर्चेत बहुतेकांचा समज असा दिसतो की आर्मी अ‍ॅक्टमध्ये समलिंगी व्यक्तीला बंदी आहे. १९५० च्या त्या कायद्यात असा एकही शब्द नाही.

कारवाई होते ती तीन कलमांखाली. कलम ४५ अधिकाऱ्याच्या पदाला न शोभणाऱ्या वर्तनाविषयी आहे. कलम ६३ शिस्तभंगाविषयी आहे आणि त्यात जवळजवळ काहीही बसवता येते. खरा प्रश्न कलम ४६ च्या पहिल्या खंडाचा आहे. क्रूर, अश्लील किंवा अनैसर्गिक प्रकारचे लज्जास्पद वर्तन असा तो गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वी चौथा मार्गही होता. मुलकी गुन्हा लष्करी न्यायालयात चालवण्याची सोय कलम ६९ मध्ये आहे आणि त्या वाटेने ३७७ आत येत असे. संमतीच्या संबंधांपुरती ती वाट २०१८ साली बंद झाली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ सारखे कलमच नाही.

आता विचार करा. ज्या वर्तनाला "निसर्गाच्या विरुद्ध" म्हणणे पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने नाकारले, तेच वर्तन कलम ४६ मधल्या "अनैसर्गिक" या एका शब्दाच्या आधारे शिक्षापात्र ठरवले जाते. घटनेच्या अनुच्छेद ३३ मुळे सैनिकांचे मूलभूत हक्क कमी करता येतात, हे खरे आहे. पण ते संसदेने कायदा करून कमी करायचे असतात. आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २१ मध्ये संघटना, सभा-निदर्शने आणि वृत्तपत्रांशी संपर्क यांवर बंधने आणण्याचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे. कोणावर प्रेम करावे याविषयी संसदेने असे काहीही लिहिलेले नाही.

माझ्या बाजूला अडचणीचा ठरणारा एक निकालही प्रामाणिकपणे नोंदवते. व्यभिचाराचे कलम ४९७ सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द झाले, पण ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्या निकालामुळे सैन्यदलांच्या शिस्तभंगाच्या कारवाईला बाधा येत नाही. म्हणजे मुलकी जीवनात जे गुन्हा नाही ते सैन्यात दोष ठरू शकते. तरीही दोन्हींत फरक आहे. सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीशी संबंध ठेवण्यात एका साथीदाराचा विश्वासघात होतो. सुट्टीवर आपल्या गावी, आपल्या जोडीदारासोबत राहणाऱ्या सैनिकाने कोणत्या साथीदाराचा विश्वासघात केला?

रामबागकर

दोन्ही बाजू वाचल्या. मधला मार्ग का नको? कोणी विचारू नये आणि कोणी सांगू नये. प्रत्येकाने आपले काम करावे. खाजगी गोष्ट खाजगी राहिली तर सुभेदारसाहेबांची बॅरेकही शांत राहील आणि त्या कॅप्टनसारख्यांची नोकरीही जाणार नाही.

सिग्नलवाला (इंदूर)

रामबागकर, आपण सुचवता तोच मार्ग अमेरिकेने १९९३ साली निवडला होता. विचारू नका, सांगू नका, हेच त्या धोरणाचे नाव होते. ते २० सप्टेंबर २०११ रोजी संपले, आणि तोपर्यंत १३,००० हून अधिक सैनिकांना घरी पाठवले गेले होते. त्यांत अरबी भाषेचे जाणकार होते, आणि तेही इराकमध्ये युद्ध सुरू असताना. कोणी विचारत नसले तरी पत्रे वाचली जातात, शेजारी कळवतात, रागावलेला माणूस तक्रार करतो. मौनाचा नियम मौन पाळणाऱ्याला वाचवत नाही. तो गुपित कळलेल्या माणसाच्या हाती हत्यार देतो. माझ्या युनिटमधल्या कारकुनाच्या हाती तेच होते.

सुभेदारसाहेब, आपल्या प्रश्नाला मी टाळणार नाही. ब्रिटिश सैन्याने अगदी हाच मुद्दा मांडला होता. सैनिकांची मते गोळा करून त्यांनी सांगितले की जवानांना हे सहन होणार नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २७ सप्टेंबर १९९९ रोजी तो मुद्दा फेटाळला, कारण बहुसंख्यांचा पूर्वग्रह हे वंशाच्या बाबतीत जसे पुरेसे कारण नसते तसे इथेही नसते. जानेवारी २००० मध्ये बंदी उठली आणि तिच्या जागी सर्वांसाठी एकच आचारसंहिता आली. स्त्री असो, पुरुष असो, कोणाचे प्रेम कोणावरही असो, तुमच्या वागण्याने सेवेच्या कार्यक्षमतेला बाधा येते का, एवढाच प्रश्न तिने विचारला. सैन्य कोसळले नाही. जुलै २०२३ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी संसदेत उभे राहून, ज्यांना पूर्वी काढून टाकले होते त्यांची माफी मागितली.

दरबारात तो जवान उभा राहिला तर मी सीओ म्हणून विचारले असते, "त्याने तुला हात लावला का, काही बोलला का?" उत्तर "हो" असेल तर मी कडक कारवाई केली असती, जशी कोणावरही केली असती. उत्तर "नाही" असेल तर खाट तिथेच राहिली असती.

आणखी एक गोष्ट लिहितो, आपण महार रेजिमेंटचे आहात म्हणून थोडे संकोचाने. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनी त्याविरुद्ध अर्ज करण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेतली होती. त्या बंदीच्या मुळाशी शौर्याची उणीव नव्हती. लढवय्या जातींचे एक शास्त्र रचले गेले होते, आणि वरच्या जातींचे शिपाई महारांसोबत राहणार-जेवणार नाहीत ही भीती होती. महार रेजिमेंट बेळगावला उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला. तिने पुढे देशाला जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख दिले, आणि मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या रूपाने परमवीर चक्र दिले. शेजारी कोण झोपेल या कारणावरून माणूस नाकारणे आपल्या सैन्याला नवे नाही.

सयाजीबाग (वडोदरा)

माझे वडील ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागात, होते, मी कॅन्टोन्मेंटमध्येच वाढले. न्यायप्रियताई, कलम ४६ चा तो खंड काढूनच टाकावा असे कोणी सुचवणार असेल तर कृपया थांबावे. वरिष्ठाने कनिष्ठावर, मग तो मुलगा असो वा मुलगी, जबरदस्ती केली तर तेच कलम उपयोगी पडते. रंगरूट हा उस्तादापुढे "नाही" म्हणू शकत नाही. आदेश देणारा आणि आदेश पाळणारा यांच्यात संमती खरी असते का, हा प्रश्न समलिंगी असो वा नसो, सगळ्यांना लागू आहे. एका युनिटमध्ये, एकाच आदेशसाखळीतले संबंध सरसकट निषिद्ध असावेत, असे माझे मत आहे.

आणि ग्रामीण जवान तयार नाहीत हे वाक्य मी आधीही वाचले आहे. स्त्री अधिकाऱ्यांना स्थायी कमिशन देऊ नये म्हणून सरकारने न्यायालयात हेच सांगितले होते की खेड्यांतून आलेले जवान स्त्रीचे नेतृत्व मानायला मनाने तयार नाहीत. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने ते नाकारले, २०२२ मध्ये एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) मुली दाखल झाल्या आणि २०२५ च्या मे महिन्यात त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली. जवानांच्या नावाने जो अविश्वास दाखवला जातो तो बऱ्याचदा त्यांच्या वरच्यांचा असतो.

न्यायप्रिय (इंदूर)

ताई, पूर्ण सहमत. खंड राहू द्यावा. "अनैसर्गिक" हा शब्द जावा, आणि बळजबरी, अधिकाराचा गैरवापर व सार्वजनिक अश्लीलता ही स्पष्टपणे लिहिली जावी. नौदल आणि वायुदलाचे कायदे वेगळे असल्यामुळे दुरुस्ती तिन्ही कायद्यांत लागेल.

सागर_ते_महू

कर्नलसाहेब, भरतीबंदीचा उल्लेख वाचून मला प्रथम राग आला. आमच्या आजोबा-पणजोबांचा अपमान आणि हा प्रश्न एका तागडीत का घालावा, असे वाटले. जात माणसाला जन्माने मिळते आणि ती बॅरेकमध्ये कोणाच्या देहाकडे पाहत नाही. हा फरक मी सोडणार नाही.

पण दोन दिवस विचार केला. माझ्या प्लाटूनमध्ये एक नाईक होता. त्याच्याविषयी सगळ्यांना अंदाज होता, मलाही होता. एका रात्री गस्तीवर स्फोट झाला, दोन मुले जखमी झाली, आणि त्यातल्या एकाला हा नाईक पाठीवर घेऊन साडेतीन तास चालत खाली आला. त्या मुलाने त्याच्या पाठीवर बसायला नकार दिला नाही. पुढे त्या मुलाने त्याच्याशेजारी खाट मागून घेतली. मी हे आजपर्यंत कोणाला सांगितले नव्हते, कारण सांगितले तर नाईकाविषयीचा अंदाज उघड झाला असता.

म्हणून माझे म्हणणे आता असे आहे. कायदा बदलायचा असेल तर बदला, पण बॅरेकमध्ये एक भिंत, एक पडदा, आंघोळीची बंद जागा आधी द्या. ती प्रत्येक जवानाला हवी आहे. आणि प्रत्येक सुभेदार मेजरला आधी शिकवा. जवान अधिकाऱ्याचे भाषण ऐकतो, पण वागतो ते एसएमसाहेबांच्या चेहऱ्याकडे पाहून.

जास्वंद (इंदूर)

मी या धाग्यावर लिहावे की नाही, हे मला आठवडाभर ठरवता येत नव्हते. माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. एनसीसीचे सी प्रमाणपत्र आहे, आणि पहाटे उठून धावण्याचा नेम त्याने शाळेपासून एकदाही मोडलेला नाही. गेल्या वर्षी त्याने भोपाळला एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवड मंडळाची, मुलाखत दिली आणि पाचव्या दिवशी त्याची शिफारस झाली. आम्ही पेढे वाटले. त्यानंतर वैद्यकीय तपासणीच्या आधी त्याने मला आणि त्याच्या बाबांना समोर बसवून सांगितले की तो समलिंगी आहे, आणि त्याने सैन्यात जाण्याचा विचार सोडला आहे.

मला आधी त्याच्या सांगण्याचा धक्का बसला, हे खोटे लिहिणार नाही. पण आता माझ्या मनात राहते ते त्याचे दुसरे वाक्य. तो म्हणाला, "आई, मला तिथे कोणी विचारणार नाही. पण मी ज्यांच्यासाठी मरायला तयार असेन त्यांच्याशीच मला रोज खोटे बोलावे लागेल, आणि ते मला जमणार नाही." कर्नलसाहेब, आपण धाग्याच्या सुरुवातीला खोट्याविषयी जे लिहिले ते मी त्याला वाचून दाखवले. तो काही न बोलता उठून गेला आणि नंतर फोनवर स्वतः पूर्ण धागा वाचत बसला.

सीडीएससाठी, म्हणजे अधिकारी होण्याच्या प्रवेश परीक्षेसाठी, त्याच्याकडे अजून थोडाच काळ आहे, नंतर वय निघून जाईल. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. समजा तो गेला आणि उद्या काही झाले, तर त्याच्या आयुष्यात जो कोणी असेल त्याला कोण कळवणार? आणि आपण त्याच्या जागी असता तर अर्ज भरला असता का?

न्यायप्रिय (इंदूर)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कठीण आहे, पण खरे तेच सांगते. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही. सैनिकाचे कुटुंब म्हणजे कोण हे त्याच्या पार्ट टू ऑर्डरमधल्या (युनिटच्या अधिकृत सेवानोंदींतल्या) नोंदी ठरवतात, आणि कुटुंब निवृत्तिवेतनाच्या नियमांना पती-पत्नी, मुले आणि आई-वडील माहीत आहेत. जोडीदाराला त्यात आज जागा नाही. तो आयुष्यभर सोबत राहिला तरी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी ज्या दारात येईल ते दार त्याचे नसेल. कलम ४६ उद्या बदलले तरी एवढे काम शिल्लकच राहील.

सिग्नलवाला (इंदूर)

ताई, दुसरा प्रश्न मला विचारला आहे, म्हणून उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. आजचा कायदा आहे तसा असताना "भर" असे मी त्याला छातीठोकपणे म्हणू शकत नाही. एका तरुण अधिकाऱ्याचे काय झाले ते मी पाहिले आहे आणि त्यात माझी सही आहे. "भरू नकोस" असे म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही, कारण एसएसबीने निवडलेला, खोटे बोलायला नकार देणारा मुलगा सैन्याला नको असेल तर मी २६ वर्षे कोणती मूल्ये शिकवली, हे मलाच कळणार नाही.

त्याची इच्छा असेल तर त्याला रविवारी सकाळी माझ्याकडे पाठवा. कलम ४५, ४६ आणि ६३ मी त्याच्यासमोर ठेवीन, कोणत्या प्रसंगी काय होऊ शकते ते एकही गोष्ट न लपवता सांगेन, आणि निर्णय तो घेईल. सुभेदारसाहेब, आपल्यालाही महूहून येणे शक्य असेल तर जरूर या. बॅरेकमध्ये काय होईल हे त्याला माझ्यापेक्षा आपण नीट सांगाल.

सागर_ते_महू

येतो, साहेब. आठ वाजेपर्यंत पोहोचेन. मुलाला सांगा, धावण्याचे बूट घालून ये.